स्पीडब्रेकर

काळी आलिशान गाडी ड्रायव्हरशिवाय, एकटीच शौकतच्या गॅरेजात आली. गेटातल्या स्पीडब्रेकरवरून ती इतकी अलगद उतरली, जणू मागे कुणी दुखणाईत माणूस बसलंय. मागची सीट मात्र रिकामी होती.

डाग म्हटला की शौकतच्या डोक्यात जायचा. तीन दिवस खपून त्याने रंगावरचे ओरखडे काढले, मागच्या सीटवर मुरलेला खोबरेल तेलाचा डागही घालवला. मग गाडीच्या मालकांना, रणदिव्यांना फोन लावला.

"साहेब, गाडी स्पीडब्रेकरला फार जपते. ती सवय तेवढी राहू दे का?"

"आईच्या कंबरेसाठी शिकली होती ती. आईला जाऊन वर्ष झालं. आता गाडी विकायचीय. सगळं पुसा, शोरूममधल्यासारखी कोरी करा."

शौकतने तेही पुसलं.

संध्याकाळी रणदिवे आले. आरशासारखी लखलखणारी गाडी बघून खूश झाले, पुढे बसले. गाडी निघाली आणि गेटातल्या स्पीडब्रेकरवर धाडकन आपटली.

रणदिवे झटकन मागे वळले. उघड्या काचेतून त्यांचा आवाज शौकतला स्पष्ट ऐकू आला.

"आई, लागलं का गं?"