जिन्याखालची खुर्ची

वहिनीचं बाळ पाच महिन्यांचं. रात्रभर जागवतं आणि दुपारी गाढ झोपतं, पण नेमक्या त्याच वेळी हिच्या ऑफिसच्या मीटिंगा, त्याही कॅमेरा चालू ठेवून! परवा नेट अडकलं, स्क्रीनवर हिचा चेहराच गोठला, तर साहेब म्हणाले, "असू दे, कॅमेरा बंद करा, नुसतं ऐका."

हे कळल्यावर मोबाइलच्या दुकानात काम करणारा दीर पिशवी भरून हजर! फोरजीचं डोंगल, फाइव्हजीचा राउटर, वर स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट.

"वहिनी, आज सोक्षमोक्षच लावतो!"

तो खोल्याखोल्यांतून स्पीड मोजत पुढे, वहिनी बाळाला खांद्यावर घेऊन जांभया देत मागे.

"खिडकीपाशी फाइव्हजी सुसाट. हॉलमध्ये फोरजी ठीकठाक. हॉटस्पॉटचं नावच नको."

"आणि सगळ्यात वाईट कुठे, भावोजी?"

"जिन्याखाली. तिथे तिन्ही गपगार! आवाज कसाबसा येतो, पण चेहरा काही दिसायचा नाही."



"मग माझी खुर्ची तिथेच टाका," वहिनी म्हणाली, "आणि येताना एक उशी आणा."