मधले अकरा तास

मस्कतहून सिंगापूरला निघालेला निलेश मुंबईत उतरला आणि बॅग घेऊन टाकव्याला घरी आला. पुढचं विमान अकरा तासांनी होतं, तेही दुसऱ्या कंपनीचं.

त्याची बहीण पिंकी लोणावळ्यात विमानाची तिकिटं काढून द्यायची. ती चिडली. "एकच तिकीट काढलं आसतंस तर बॅग परस्पर सिंगापूरला गेली आसती. आता ही घेऊन फिर, आन् परत रांगेत उभं राहून दे. मला इचारायचं तरी!"

"चुकलंच," निलेश हसत म्हणाला.

चटणीचा डबा ठेवायला आईनं बॅग उघडली. ती निम्मी रिकामी होती. कपड्यांवर एक कापडी पिशवी होती, धुऊन घडी घातलेली. मागच्या वर्षी तिनंच तिच्यात घरचा इंद्रायणी तांदूळ भरून दिला होता.