वाकलेल्या नडग्या

प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात टांगलेला सांगाडा एका खऱ्या बाईचा होता. सरांनी पट्टीने तिच्या नडग्या दाखवल्या. दोन्ही धनुष्यासारख्या बाहेर वाकलेल्या होत्या.

“सर, ही उंटावर बसून शाळेत जायची का?” मागच्या बाकावरून आवाज आला आणि सगळा वर्ग खिदळला.

“नाही रे बाळांनो,” सर म्हणाले. “लहानपणी हिला ऊन मिळालं नाही, कॅल्शियम कमी पडलं. हाडं मऊ राहिली आणि अंगाच्या भाराने वाकली. पाय फार ठणकत असणार हिचे. पण ठणका काही दुसऱ्याला दिसत नाही.”

घंटा झाली तशी पोरं धूम पळाली. एक मुलगी तेवढी मागे राहिली. जिना चढताना ती भिंत धरायची, म्हणून वर्गाने तिचं नाव ‘आजीबाई’ पाडलं होतं. आता ती सांगाड्याची नडगी दोन्ही हातांनी हळूहळू दाबत होती.

“काय गं, भीती नाही वाटत?”

तिने नकारार्थी मान हलवली. मग हात न थांबवता विचारलं,

“सर, मेल्यावर तरी हिच्या आईला खरं वाटलं का?”