दोन भोवरे

मावशींनी पाण्याची बाटली उचलली आणि परत ठेवली. कुरळे केस कोरडेच कापायचे, ही त्यांच्या हाताची जुनी खोड. पण खुर्चीवर फळी टाकून बसवलेल्या चिमीच्या डोक्यावर आता कुरळं असं काही नव्हतंच. सुतासारखे सरळ, पातळ केस.

"तापात सगळे गळले, मावशी. आले ते हे असे," चिमीची आई म्हणाली. "लेअर्स घाला. पूर्वीसारखे फुगलेले दिसू देत. उद्या तिचे बाबा बोटीवरून येतायत. वर्ष झालं त्यांनी तिला पाहून. ओळखायला हवी ना?"

"अगं, लेअर म्हणजे काय जादू आहे? दाट केसांचं ओझं उतरतं, कुरळ्यांना आकार येतो. असल्या पातळ केसांत जरा चुकलं की डोक्यावर जिना दिसतो, जिना!"

आई हसली नाही. "आजारपणानंतर केस बदलतात ना पण?"

"बदलतात की. माझ्या नणंदेचे बाळंतपणात बदलले. नणंद तेवढी होती तशीच राहिली."

आताही ती हसली नाही. मावशींनी बाटली उचलून केस ओले केले आणि फणी टाळूवर नेली. हे डोकं सहा वर्षं त्यांच्या हाताखालचं. पहिले केस कापले तेव्हाच त्यांनी सांगून टाकलं होतं, दोन भोवरे आहेत, दुप्पट हट्ट करणार कार्टी.

फणी एका जागी थांबली. मग त्यांनी केस बोटांनी बाजूला केले. पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

एकच भोवरा. आणि तोही उलटा फिरलेला.

केस गळतात, परत येतात, पोत बदलतो. भोवरा कातडीत असतो, तो जागचा हलत नाही. तीस वर्षांत एकदाही हललेला त्यांनी पाहिला नव्हता.

त्यांनी मान वर करून आरशात पाहिलं. चिमीची आई त्यांच्याकडेच बघत होती. कधीपासून, कोण जाणे.

"वरचा थर लांब ठेवा," ती हळूच म्हणाली. "म्हणजे तेवढं झाकलं जाईल."

"अगं, पण ही..."

"तीन रात्री डोळ्याला डोळा नव्हता, मावशी. चौथ्या रात्री एक डुलकी लागली, एवढीशी. उठले तर ताप उतरलेला, आणि अंथरुणात ही." तिनं पोरीच्या मानेवरचा केस फुंकरीनं उडवला. "हिनं आई म्हणून हाक मारली. मी ओ दिली. आता ती परत कशी घेऊ?"

रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मावशींनी कात्री हातात घेतली. वरचा थर लांब, कडेचे आखूड. थोडे थोडे करून केस फुगले. लांबून पाहिलं तर चिमीच.

आई जरा बाजूला होऊन डोळे पुसू लागली तशी आरशातून पोरीनं मावशींकडे पाहिलं.

"मावशी," तिनं अगदी बारीक आवाजात विचारलं, "केस कापताना ती गप्प बसायची?"

मावशींनी कात्री खाली ठेवली. "छे गं," त्या म्हणाल्या. "सारखे पाय हलवायची."

पोर लगेच पाय हलवू लागली.