बुडती बोट

अरे, अमेरिकेत ईडन प्रेरीला राहणारा आपला संग्राम माहितीये ना? त्याचा कॉलेजचा रूममेट नंदू गेल्या वर्षी वर्क व्हिसावर लंडनला गेला, आणि तेव्हापासून याच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबेचना. नंदूने फेसबुकवर काहीही टाकू दे, खाली संग्रामची कमेंट हजर. "पाउंड बघ कुठे आलाय. तुमच्या सरकारला महागाई झेपत नाहीये. बुडती बोट आहे ती, अमेरिकेला यायला हवं होतंस." नंदूही काही कमी नाही. "तू आधी तुझं ग्रीन कार्ड बघ, लाइनीतच म्हातारा होशील," असं लिहून मोकळा व्हायचा.

परवा तिकडे निवडणूक झाली. नंदूने मतदान केंद्राबाहेरचा सेल्फी टाकला. "आत्ताच मत देऊन आलो."

संग्रामने लगेच पकडलं. "फेकू नकोस यार, तू सिटिझन कधी झालास?"

"नाही रे, पासपोर्ट आपलाच आहे. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे ना, म्हणून इथे राहणाऱ्या भारतीयांना मत देता येतं. तुला तिकडे नाही का देऊ देत?"

बारा वर्षं मिनेसोटात टॅक्स भरणाऱ्या संग्रामने फोन पालथा ठेवला. शेजारी बसून हे सगळं वाचणारी त्याची बायको आश्लेषा हसली. "काय रे, आज भांडण नाही? कोणत्या पार्टीला दिलं त्याने?"

 

"कोणालाही देऊ दे गं," संग्राम म्हणाला, "देता आलं ना त्याला."