उरलेली अर्धी किल्ली

"पेशंट टेबलावर आहे, शाल्मली, आणि रिपोर्ट उघडत नाहीयेत!" फोनवर डॉक्टर ओरडत होते.

हॉस्पिटलचा सर्व्हर बंद पडला होता. तो पुन्हा सुरू करायला लागणारे सगळे पासवर्ड एनक्रिप्ट केलेले, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद, आणि ते उलगडणारी किल्ली, एक लांबलचक गुप्त शब्द, दोघांत वाटलेली: अर्धी तिच्याकडे, अर्धी तिचे वरिष्ठ गुंजाळ सर यांच्याकडे. एकाने टाइप करताना दुसऱ्याने भिंतीकडे तोंड करायचं आणि 'झालं' ऐकेपर्यंत वळायचं नाही, हा सरांचा दंडक. सर मागच्याच महिन्यात हार्ट अटॅकने गेले, आपली अर्धी किल्ली सोबत घेऊन.

रिकाम्या खोलीत तिने आपली अर्धी टाइप केली आणि सवयीने भिंतीकडे तोंड केलं.

मागे कीबोर्ड खडखडला.

"उघडले रिपोर्ट!" फोनवर डॉक्टर म्हणाले.

शाल्मली वळली नाही. अजून कुणी 'झालं' म्हणालं नव्हतं.