एवढाच एक फोटो

“मला एवढाच एक फोटो बघायचाय,” वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या. “बाकीचे राहू द्या.”

‘द्या’ ऐकून तिने शिलाई मशीनचं चाक हातानेच थांबवलं. दहा वर्षं अरे-तुरे करणाऱ्या काकू आज तिच्या नवऱ्याला अहो-जाहो करत होत्या. ती स्वयंपाकघरातून उठून बाहेरच्या खोलीत आली.

मशीन स्वयंपाकघरात गेलं होतं ते या नवऱ्याच्या कपाटापायी. खिडकीजवळ, जिथे बसून ती शिवायची, तिथे आता काचेच्या दाराचं कपाट होतं. लेन्सना दमट हवा सोसत नाही म्हणून ते रात्रंदिवस विजेवर चालायचं. गिऱ्हाइकांच्या कपड्यांना तळणाचा वास लागला तरी चालत होतं. काठ शिवायच्या मशीनसाठी तिने जमवलेले पैसे त्या कपाटातल्या सगळ्यात जाड लेन्समध्ये गेले होते. एकाही लग्नात बटण दाबायच्या आधी दोन कॅमेरे, पाच लेन्स, तीन दिवे आणि दिव्यांना लावायच्या पांढऱ्या छत्र्या! आधी कळस, मग पाया. “लोक सामान बघून काम देतात,” तो म्हणाला होता. लोकांनी काही दिलं नाही. काकूंनी दिलं, शेजारी म्हणून, लेकीच्या लग्नाचं.

आणि देताना बजावलं होतं. काका दोन वर्षं चाकाच्या खुर्चीत होते. तीन महिने, लेक कामावर गेली की ते भिंत धरून उभं राहायची सवय करत होते. लग्नात ती निरोप घ्यायला आली की ते उठणार होते. लेकीला ठाऊक नव्हतं. “बाकी काही नाही मिळालं तरी चालेल,” काकू म्हणाल्या होत्या, “तेवढा एक फोटो चुकवू नकोस.”

नवरा संगणकावर फोटो पुढे सरकवत होता. अंगठ्या. फुलं. नवरीच्या चपला, एकदा खिडकीत, एकदा जिन्यावर. पेल्यावरचा पाण्याचा थेंब.

“मागचं सगळं कसं विरघळलंय बघा, काकू. हे साध्या लेन्सचं काम नाही.”

“त्यांचा दाखवा.”

“येतोय, येतोय.”

येणार नव्हता. तिला माहीत होतं, कारण लग्नात बॅग तिच्याच खांद्यावर होती. काकांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला आणि नवऱ्याने मागे न बघता हात पसरला, “लांबची दे, लवकर!” बॅगेत एकसारखे कप्पे, प्रत्येकाला चेन. तिने दिली ती चुकीची निघाली. तो करवादला आणि स्वतःच बॅगेत वाकला. टाळ्यांचा आवाज आला म्हणून दोघांनी मान वर केली, तर काका खुर्चीत बसून डोळे पुसत होते. हातातल्या कॅमेऱ्याला जी लेन्स होती तिनेही फोटो आलाच असता.

घरी येताना तो म्हणाला, “दोन हजार फोटोंत कुणाला कळतंय?” ती सांग म्हणाली, तो नंतर म्हणाला. आठ दिवस झाले. जिन्यात काकू भेटल्या की तीसुद्धा हसून पुढे सटकत होती. त्या हसण्याचा तिला आता नवऱ्याइतकाच संताप येत होता.

“काय झालं काकू,” नवरा खुर्चीत मागे रेलला, “नेमका त्या वेळेला उजेड बरोबर नव्हता. हॉलवाल्यांनी दिवे असे लावलेत ना...”

“उजेड होता!” ती ओरडली. “नाचता येईना अंगण वाकडं! लख्ख उजेड होता, काकू. हा लेन्स बदलत होता आणि मी बॅगेत हात घालून चाचपडत होते. काका उभे राहिलेले आम्ही बघितलंसुद्धा नाही. तो फोटो नाहीये.”

नवऱ्याचा चेहरा पडला. पण गप्प बसेल तर तो कसला.

“काकू, ऐका ना. काकांना परत एकदा उभं करू. मी वर येतो, दिवे लावतो, ताईलाही बोलावून घेऊ. यापेक्षा भारी येईल. आणि फुकट!”

तिला वाटलं, ते कपाट उचलून खिडकीतून खाली फेकावं.

काकूंनी पिशवीतून मोबाइल काढला, चष्मा वर सरकवला आणि शोधून एक फोटो तिच्यापुढे धरला. त्यांच्या बहिणीने मागच्या रांगेतून काढलेला. जरासा हललेला, एका कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा.

काका उभे होते. एक हात खुर्चीच्या पाठीवर, दुसरा लेकीच्या खांद्याभोवती. पँट ढगळ झालेली. लेकीचं तोंड उघडंच राहिलेलं. सगळा हॉल त्यांच्याकडे बघत होता. आणि बापलेकीच्या बरोबर मागे, दोघांच्या मधल्या जागेत, दोन वाकलेल्या पाठी. एकीवर कॅमेऱ्याचा काळा पट्टा, दुसरीवर तिने या लग्नासाठी मुद्दाम शिवलेला पिवळा झगा. डोकी दिसतच नव्हती. ती बॅगेत होती.

“काकू...” ती म्हणाली.

काकूंनी मोबाइल तिच्यापुढून काढून नवऱ्यासमोर टेबलावर ठेवला.

“एवढी यंत्रं घेतलीत,” त्या म्हणाल्या. “यातून तुम्हा दोघांना तेवढं पुसून द्या.”